कमी तापलेला देश

भारत जगाच्या मानाने कमी तापला आहे. हे वाक्य ऐकून अनेकांना धक्का बसतो, काहींना बरं वाटतं, आणि काहींना ते बोलून दाखवणंच धोक्याचं वाटतं. पण ते खरं आहे. पृथ्वी विज्ञान मंत्रालयाचा 2020 चा अहवाल सांगतो की 1901 ते 2018 या काळात देशाचं सरासरी तापमान सुमारे 0.7 अंशांनी वाढलं. या अहवालाचं बरंचसं काम पुण्यात, पाषाणच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत झालं. युरोप मात्र औद्योगिक काळाच्या आधीपेक्षा दोन अंशांहून अधिक तापला आहे. सगळ्या खंडांत सर्वांत वेगाने तापणारा खंड तोच.

हे दोन आकडे शेजारी मांडले की वाद पेटतो, आणि त्या वादात दोन्ही बाजूंना विचारी, प्रामाणिक माणसं असतात. म्हणून इथे दोघांना बोलतं केलं आहे. वहिनींची सगळी नोकरी पुण्याच्या वेधशाळेत गेली. हवामान खात्याचं कार्यालय 1928 मध्ये सिमल्याहून पुण्याला आलं, त्यामुळे शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला जुने पुणेकर आजही शिमला ऑफिस म्हणतात. भाऊजी विदर्भातल्या, चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्रातून अभियंता म्हणून निवृत्त झाले. दोन्ही माणसं मी रचलेली आहेत, आकडे मात्र खरे आहेत. जागा नागपूर, महिना मे, आणि भाऊजी कूलरचं जुनं गवत काढून नवं बसवत आहेत.

भाऊजी: आकडा तुमच्याच मंत्रालयाचा आहे, वहिनी, माझ्या पदरचा नाही. सव्वाशे वर्षांत आपल्याकडे पाऊण अंशसुद्धा नाही, तिकडे दोनाच्या वर. आमची लेक स्टुटगार्टला आहे. तिच्या घरात पंखा नव्हता, आता दोन आहेत. सिसिलीत 2021 च्या ऑगस्टमध्ये 48.8 अंश. इंग्लंडमध्ये 2022 च्या जुलैत 40 च्या वर. तापतंय त्यांचं घर, आणि कोळसा सोडा म्हणून आम्हाला सांगणार तेच. हे कुठलं गणित?

वहिनी: गणिताकडे येऊ. आधी आकडे नीट लावू. तुम्ही युरोपचा जो आकडा घेतलात तो 1850 ते 1900 च्या सरासरीपासून मोजलेला आहे. आपला 1901 पासूनचा. इंग्लंडच्या मध्यभागाची मासिक तापमानं 1659 पासून लिहिलेली आहेत. आपलं खातं 1875 साली सुरू झालं, आणि अख्ख्या देशाची सरासरी काढण्याजोगी केंद्रं जमायला 1901 उजाडलं. ज्यांची सुरुवातच वेगळी, त्या वाढींची वजाबाकी करता येत नाही.

भाऊजी: मग एकाच काळातलं सांगा. माझा मुद्दा टिकतो की जातो?

वहिनी: टिकतो. 1986 ते 2015 मध्ये भारत दशकाला साधारण 0.15 अंशांनी तापत होता. युरोप 1991 ते 2021 मध्ये दशकाला सुमारे अर्ध्या अंशाने. म्हणजे तिप्पट. ही वर्षंही अगदी तंतोतंत तीच नाहीत, पण बहुतेक काळ सामाईक आहे आणि फरक इतका मोठा आहे की तेवढ्याने तो पुसला जात नाही.

भाऊजी: आणि ती मापं खरी कशावरून? विमानतळाजवळची केंद्रं घ्या. तीस वर्षांपूर्वी तिथे माळ होता, आज गाड्यांचे तळ आहेत. डांबर तापलं तर पारा चढणारच.

हा प्रश्न विचारणाऱ्याला झटकून टाकू नये, असं मला वाटतं. शहराची उष्णता मापात मिसळते हे कोणी नाकारत नाही, आणि ती वेगळी काढणं हे या शास्त्रातल्या सर्वांत किचकट कामांपैकी एक आहे. वहिनींनी उत्तर देताना सरळ तापमापी ठेवायच्या पेटीपासूनच सुरुवात केली.

वहिनी: स्टीव्हन्सनची पेटी पाहिली आहेत ना? पांढरी, चार पायांवर उभी, चारही बाजूंना दुहेरी झडपा, म्हणजे वारा जातो पण ऊन आत येत नाही. दार उत्तरेला, कारण आपल्याकडे दार उघडलं तरी सूर्य तिकडून सहसा डोकावत नाही. आत चार तापमापी. कोरडा, ओला, कमाल आणि किमान. सकाळी साडेआठला निरीक्षक दार उघडतो. किमान तापमापीत पारा नसतो, स्पिरिट असतं, आणि त्यात एक बारीकशी काडी तरंगते. रात्री तापमान उतरत गेलं की स्पिरिट ती काडी मागे ओढतं. सकाळी ते परत चढलं तरी काडी तिथेच राहते. तिचं टोक वाचायचं, लिहायचं, नळी तिरकी करून काडी पुन्हा पुढे आणायची. हे दररोज, देशभर, दिवाळीच्या सकाळीसुद्धा. आता बऱ्याच ठिकाणी स्वयंचलित यंत्रं आली आहेत, पण शंभर वर्षांची वही या काड्यांनी लिहिलेली आहे.

भाऊजी: निरीक्षक प्रामाणिक होता, हे कबूल. पण पेटीच्या बाजूला इमारत उठली तर त्याच्या प्रामाणिकपणाचा काय उपयोग?

वहिनी: म्हणूनच एका केंद्राचा पारा कधी एकटा घेत नाहीत. प्रत्येक केंद्राची तुलना आधी स्वतःशीच, त्याच्या दीर्घकाळच्या सरासरीशी करतात. मग शेजारच्या केंद्रांशी. नागपूर अचानक वर उडी मारतं आणि वर्धा, अमरावती जागच्या जागी राहतात, तर गडबड नागपूरच्या पेटीत आहे. आणि समुद्रावर तर डांबर नाही ना? हिंदी महासागराच्या उष्ण कटिबंधातल्या पृष्ठभागाचं पाणी 1951 ते 2015 मध्ये सुमारे एका अंशाने तापलं. जगातल्या महासागरांच्या सरासरीपेक्षा जास्त. आपल्या भोवतालचा समुद्र जगापुढे आणि आपली जमीन जगाच्या मागे. हे कोडं सोडवायला हवं, भाऊजी. तुमच्या वादाचं मूळ तिथे आहे.

भाऊजी: सोडवा.

वहिनी: थोडा भाग साधा आहे. विषुववृत्ताजवळचे प्रदेश हळू तापतात, ध्रुवाकडचे भरभर. आर्क्टिक 1979 नंतर जगाच्या जवळजवळ चौपट वेगाने तापलं, आणि युरोपचं वरचं टोक त्याला खेटून आहे. बर्फ वितळलं की खालची काळी जमीन उघडी पडते, ती ऊन पिते, आणखी बर्फ जातं. स्वित्झर्लंडच्या हिमनद्यांनी 2022 आणि 2023 या दोनच वर्षांत आपला दहावा हिस्सा गमावला. तिकडे उन्हाळ्यात माती लवकर सुकते, मग उष्णतेला वाफ करायला ओल उरत नाही आणि ती सगळी हवेत जाते. इथपर्यंत भूगोल आहे. पुढचा भाग माणसाचा आहे, आणि त्यातला एक तर या क्षणी तुमच्या हातात आहे.

भाऊजी: कूलर?

वहिनी: हो. गवतावर पाणी पडतं, त्यातून कोरडी हवा जाते, पाण्याची वाफ होते, हवा थंड होते. नागपूरच्या मे महिन्यात हे उत्तम चालतं. सिंधू-गंगेच्या मैदानात हेच मैलोन्‌मैल चाललं आहे. पंजाबपासून बिहारपर्यंत शेतात पाणी, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त जमिनीखालून उपसलेलं. जगात सर्वांत जास्त भूजल आपण उपसतो, अमेरिका आणि चीन मिळून उपसतात त्याहूनही जास्त. ते पाणी पिकातून आणि मातीतून वाफ होऊन जातं आणि जाताना मैदान थंड ठेवतं. म्हणून उन्हाळ्यातली दिवसाची वाढ त्या पट्ट्यात देशाच्या पुष्कळ भागांपेक्षा कमी दिसते.

भाऊजी: मग हे चांगलंच झालं की.

वहिनी: कूलर चालू करून समोरची खिडकी लावून घेतली तर काय होतं?

भाऊजी: अर्ध्या तासात खोली दमट. पारा खाली आणि जीव कासावीस.

वहिनी: तेच. गांधीनगरच्या आयआयटीतल्या संशोधकांनी 2020 मध्ये हेच दाखवून दिलं. सिंचनाने जमीन थंड होते, पण जमिनीलगतचा हवेचा थर उथळ होतो, ओल त्यातच कोंडते, आणि माणसाला सोसावा लागणारा दमट ताप उलट वाढतो. कोरड्या तापमापीने वाढ कमी दाखवली. ओल्या तापमापीने तशी कमी दाखवली नाही. आणि ज्या पाण्यावर हे चाललं आहे ते दरवर्षी खाली जातंय.

इथपर्यंत भाऊजींचा आवाज शांत होता. पुढचा विषय त्यांच्या चाळीस वर्षांच्या कामाचा, आणि मला या सगळ्या चर्चेत सर्वांत अवघड वाटतो तो हाच.

वहिनी: दुसरं कारण धूर. 1999 मध्ये वीरभद्रन रामनाथन यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी हिंदी महासागरावर विमानं, जहाजं नेऊन मोजमापं केली. दक्षिण आशियावरून समुद्रात उतरणारा तपकिरी थर त्यांना सापडला. गंधकाचे कण, काजळी, धूळ, राख. त्यातले गंधकाचे कण ऊन परत फेकतात. काजळी ते पिते आणि वरची हवा तापवते, पण जमिनीवर येणारं ऊन दोन्हींमुळे घटतं. 2020 च्या टाळेबंदीत जालंधरच्या गच्च्यांवरून धौलाधारचे डोंगर दिसले होते ना? माणसं फोटो काढत होती. एरवी तो पडदा आपल्या डोक्यावर कायम असतो.

भाऊजी: आणि तो पडदा आम्ही विणला, असं म्हणायचंय.

वहिनी: एकट्या तुम्ही नाही. चुली आहेत, वाहनं आहेत, शेतात जाळलेलं पाचट आणि पेंढा आहे. पण गंधकाचा मोठा वाटा कोळशाच्या वीज केंद्रांचाच.

भाऊजी: आपल्या कोळशात गंधक कमीच. अर्धा टक्का. राख जास्त, चाळीस टक्क्यांपर्यंत, आणि ती धरायला चिमणीच्या आधी ईएसपी असतो, विजेच्या भाराने राख ओढून घेणाऱ्या प्लेटांचा. मी स्वतः त्याच्या प्लेटा झडलेल्या रात्री जागून पाहिल्या आहेत. राखेबद्दल आम्हाला कोणी बोलू नये.

वहिनी: टक्केवारी कमी, पण आपण जाळतो किती? गंधकाचा वायू हवेत सोडण्यात आपण आज जगात पहिल्या ओळीत आहोत. तो धरायला एफजीडी, म्हणजे धूर धुणारं यंत्र, लावायचं होतं. नियम कधीचा?

भाऊजी: डिसेंबर 2015. मुदत 2017. मग 2022, मग पुढे, मग आणखी पुढे. 2025 च्या जुलैत बहुतेक केंद्रांना त्यातून सूटच दिली. खर्च प्रचंड आहे, वहिनी. पाण्यात कालवलेली चुनखडी फवारायची, त्यातून सगळा धूर न्यायचा, खाली जिप्सम जमवायचं, हे सगळं उभारायला जागा लागते, बंद काळ लागतो, पैसा लागतो. आणि आता तुम्हीच म्हणता की तो धूर देशाला थंड ठेवतो. मग तो काढायचा कशाला? गंधक काढलं तर गारवा जाईल, असं मी बैठकांत ऐकलंय. तेव्हा मला ते पटलं होतं.

वहिनी: तुमच्या चिमणीतून दोन गोष्टी निघतात. गंधकाचे कण आठवडा-दोन आठवडे हवेत राहतात, पावसाबरोबर खाली येतात. कार्बन डायऑक्साइड शतकानुशतकं राहतो. केंद्र चालू आहे तोवर रोजचा ताजा धूर रोजची थोडी सावली धरतो. केंद्र ज्या दिवशी थांबेल त्यानंतर पंधरवड्यात सावली संपेल, आणि तुम्ही नोकरीला लागलात त्या वर्षापासूनच्या कार्बनचा मोठा भाग वर तसाच असेल. कोळसा आपणच वाढवलेली उष्णता आपणच झाकतो. झाकण काही दिवसांचं, खालचं शतकांचं.

भाऊजी: म्हणजे 0.7 हा आकडा खोटा?

वहिनी: खोटा नाही. अपुरा आहे. आणि युरोप हे आपल्या आधी करून बसला आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर 1980 पर्यंत तिकडेही कोळशाचा धूर असा होता की जंगलांवर आम्लवर्षा व्हायची. त्या काळात युरोपचं तापमानही फारसं चढत नव्हतं. 1979 मध्ये जिनिव्हात करार झाला, गंधकाचा धूर पुढच्या दशकांत 80 टक्क्यांहून अधिक घटला. आकाश उजळलं आणि दडलेली वाढ वर आली. आजच्या त्या तिप्पट वेगात तिचा वाटा आहे. तुम्ही दोन प्रदेशांची तुलना करताय. मला त्यात एका वाटेवरचे दोन टप्पे दिसतात.

भाऊजी: इथे थांबा. हे तुम्ही फार सरळ करून टाकलंत. आत्ताच म्हणालात की त्यांच्याकडे बर्फ आहे, आर्क्टिक शेजारी आहे. आपल्याकडे हे काही नाही. धूर गेला तरी आपण युरोपसारखे तापणार नाही.

वहिनी: बरोबर आहे. तेवढे नाही. पण आजच्यापेक्षा जास्त, हे नक्की.

भाऊजी: आणखी एक. तुमच्याच खात्याच्या वार्षिक पत्रकात मी वाचलंय. 1901 पासून दिवसाचं कमाल तापमान शतकाला एका अंशाच्या आसपास वाढलं, आणि रात्रीचं किमान फक्त पाव अंश. धूर तर दिवसाचं ऊन अडवतो. मग वाढ दिवसाची कमी आणि रात्रीची जास्त दिसायला हवी होती. झालंय उलटं.

माझ्या मते या संवादातला हा सर्वांत चांगला प्रश्न आहे. शास्त्राबद्दल शंका घ्यावी तर अशी, त्याच्याच आकड्यांनी.

वहिनी: हा प्रश्न आमच्यात पुष्कळ चर्चिला गेला आहे. शतकभराची सरासरी दोन वेगळे काळ एकत्र करते. पहिल्या सत्तर वर्षांत दिवस थोडे तापले, रात्री जवळपास स्थिर होत्या. धुराचं प्रमाण वाढलं ते नंतर. 1970 नंतर रात्रींनी वेग धरला आणि दिवसाच्या बरोबरीला आल्या. शिवाय तुमचा आकडा अख्ख्या देशाचा आहे. धूर आणि सिंचन जिथे दाट आहे त्या मैदानाचं चित्र निराळं, दख्खनचं निराळं, किनाऱ्याचं निराळं. धुराचा वाटा किती आणि पाण्याचा किती, यावर वाद चालूच आहे. पण दोन्ही मिळून वाढ झाकतात, याबद्दल फारसं दुमत नाही.

भाऊजी: आणि चीन? त्यांनी तर गंधक झपाट्याने काढलं.

वहिनी: दहा-बारा वर्षांत, हो. त्यानंतर पूर्व आशियाच्या तापमानवाढीने वेग घेतला, त्याचा काही भाग शास्त्रज्ञ त्या स्वच्छ हवेला जोडतात. पण म्हणून कोणी शहाणा माणूस चीनला धूर परत सोडा म्हणणार नाही. आपल्याकडे 2019 या एका वर्षात हवेच्या प्रदूषणाशी जोडलेले मृत्यू 16.7 लाख होते. फुप्फुसांची किंमत देऊन मिळवलेला गारवा आहे हा, आणि तोही तात्पुरता. धूर काढायचाच आहे. पण तो काढताना खालून जे वर येईल त्याची तयारी आधी करायची आहे, आणि कार्बन त्याच वेळी कमी करायचा आहे. दोन्ही कामं एकदम. यात सोपा रस्ता नाही.

भाऊजी: कार्बनचं बोलताय तर हिशेबही पूर्ण मांडा. आजवर हवेत जेवढा कार्बन डायऑक्साइड गेला, त्यातला पाचव्या हिश्शाहून जास्त युरोपचा. आपला तीन-चार टक्के. आज दर माणशी आपण वर्षाला दोन टन, ते जवळजवळ तिप्पट. त्यांनी आधी जाळलं, श्रीमंत झाले, मग हवा स्वच्छ केली. आता आमच्या खेड्यात वीज पोचायची वेळ आली तेव्हा उपदेश. हे मी मान्य करणार नाही.

वहिनी: करू नका. यात मी तुमच्याच बाजूला आहे. पैसा आणि तंत्रज्ञान त्यांनी दिलं पाहिजे, आणि उपकार म्हणून नव्हे. पण तुम्ही सुरुवातीला दुसरंच सुचवलं होतंत. आपण कमी तापलो, म्हणून आपल्याला घाई नाही, असं. न्यायाचा मुद्दा वेगळा, घाईचा वेगळा. पहिल्याच्या जोरावर दुसरा मागे ढकलता येत नाही.

भाऊजी: घाई आहे हे तुम्ही 0.7 वरून कसं सिद्ध करणार?

वहिनी: 0.7 कशाच्या तुलनेत, ते बघा. इंग्लंडमधला एक जानेवारी दुसऱ्या जानेवारीपेक्षा पाच-सहा अंशांनी वेगळा असू शकतो. तिथे अर्धा अंश गोंधळात हरवून जातो. आपल्या देशाची वार्षिक सरासरी मुळात फार कमी हलते. 2024 हे 1901 नंतरचं आपलं सर्वांत उष्ण वर्ष ठरलं, तेव्हा ते 1991 ते 2020 च्या सरासरीपेक्षा किती वर होतं? फक्त 0.65 अंश. जिथे वर्षं इतकी एकसारखी असतात, तिथली झाडं, पिकं, माणसं त्या अरुंद पट्ट्यालाच सरावलेली असतात. आकडा लहान, पण त्यांच्या ओळखीच्या हद्दीबाहेर लवकर जाणारा.

भाऊजी: पिकाचं उदाहरण द्या. असं हवेतलं नको.

वहिनी: 2022 चा मार्च. कमाल तापमान पाहिलं तर 1901 पासूनचा सर्वांत उष्ण मार्च. पंजाब-हरियाणात गव्हाच्या ओंब्यांत दाणा भरायची वेळ होती. दाणा भरायच्या आधीच पिकला, बारीक राहिला. 13 मे रोजी सरकारने गहू निर्यात बंद केली. त्याच काळात इंग्लंडच्या केंट परगण्यात द्राक्षांचे मळे पसरत आहेत, पूर्वी जिथे ती नीट पिकत नसत. तापमान त्यांचं जास्त वाढलं, पण वाढ कुठून सुरू झाली ते बघा ना. ते थंडीकडून वर येतायत. आपण आधीच काठावर होतो.

भाऊजी: युरोपात मेलेही पुष्कळ. 2003 मध्ये सत्तर हजार.

वहिनी: हो, आणि 2022 मध्ये साठ हजारांवर. ते मोजले गेले, कारण तिथे प्रत्येक मृत्यूची नोंद वेळेवर होते आणि नेहमीपेक्षा किती जास्त मेले हे कळतं. अहमदाबादने 2010 च्या मे महिन्याचा असा हिशेब नंतर केला, तेव्हा 1,344 मृत्यू जादा निघाले. त्यातून 2013 मध्ये तिथे उष्णतेचा कृती आराखडा आला. बाकीच्या किती शहरांनी हिशेब केला? आणि नवी मुंबईतलं खारघर आठवा. 16 एप्रिल 2023, उघड्या मैदानातला सोहळा, 14 माणसं गेली. त्या दिवशी पारा 38 च्या आसपास होता. तुमच्या चंद्रपुरात 38 ला कोणी उन्हाळा म्हणत नाही.

भाऊजी: नाही म्हणत. मार्चमध्ये असतं तेवढं.

वहिनी: पण तिथे समुद्राची ओल होती, सावली नव्हती, आणि माणसं तासन्‌तास बसून होती. घाम आला, तो सुकला नाही. आपल्या खात्याच्या निकषात उष्णतेची लाट जाहीर करायला सपाट प्रदेशात किमान 40 अंश लागतात, किनाऱ्यावर 37, डोंगरात 30. हा निकष कोरड्या तापमापीचा. त्याच पेटीत, त्याच्या शेजारी, मलमलीचं ओलं फडकं गुंडाळलेला दुसरा तापमापी पहिल्यापासून आहे. निरीक्षक तो रोज वाचतो, वहीत लिहितो. पण बातमीत येतो तो कोरडाच.

भाऊजींनी गवताची चौकट कूलरला ठोकून बसवली, पंप लावला, पाणी सगळीकडे सारखं उतरतंय का ते पाहिलं. मग बराच वेळ त्यांच्या डोक्यात दुसरंच काही चाललेलं होतं, हे त्यांच्या पुढच्या बोलण्यावरून कळलं.

भाऊजी: आमच्या कोळसा यार्डात एक फलक असायचा. पारा 45 झाला की दुपारी बारा ते चार वॅगनवरचं काम बंद. मेमध्ये तो पाळला जायचा. पण माणसं पडायची जूनच्या शेवटी. पाऊस एकदा येऊन गेलेला, मग उघडीप, 36-37 अंश, वारा बंद. कंत्राटी पोरं, अंगावर कोळशाची भुकटी, घाम गळतोय पण सुकत नाही. फलकाप्रमाणे काम चालू. आम्ही म्हणायचो, उपाशी आला असेल.

वहिनी: काही उपाशीही असतील. पण ओला तापमापी त्या दिवशी काय दाखवत होता?

भाऊजी: कोणी पाहिला नाही. यार्डात तो नव्हताच.

वहिनी: त्याला फार पैसे लागत नाहीत. एक साधा तापमापी, फडक्याची पट्टी, पाण्याची बाटली आणि सावली. फलकावर एक ओळ वाढेल, ओला तापमापी इतक्या अंशांवर गेला की काम बंद. किती अंशांवर, ते मी तुम्हाला लिहून देते. जड काम करणाऱ्याला ओल्या तापमापीच्या 30 अंशांच्या आतही धोका असतो, तरुण असला तरी.

भाऊजी: तरी माझं म्हणणं राहतंच. युरोपने आधी पैसे टाकावेत.

वहिनी: राहू दे. ते म्हणणं बरोबरच आहे. पण ते पैसे येईपर्यंत यार्डातल्या पोराने थांबायचं का?

भाऊजी: नाही. पत्र मी लिहितो. तिथे अजून माझ्या हाताखालची माणसं आहेत, वाचतील. एफजीडीचं पण त्यातच टाकू?

वहिनी: ते दुसऱ्या पत्रात, सगळ्या आकड्यांनिशी. त्याला वेळ लागेल. हे पहिलं जून लागायच्या आत पोचायला हवं.